समईच्या उजेडाला पट्टे का पडतात?

*(टीव्ही, मालिका आणि पडद्यामागच्या यंत्रांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई तीस वर्षांहून अधिक काळ गोरेगावात एडिटिंग आणि कलर ग्रेडिंगचं (चित्राचे रंग आणि उजेड नीट जुळवण्याचं) काम करत आहेत.)*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वाईला राहते. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यात एका ऐतिहासिक मालिकेचं रात्रीचं शूटिंग चाललं होतं, ते मी दोन तास उभी राहून पाहिलं. समई, पलिते, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या... डोळ्यांचं पारणं फिटलं. दोन महिन्यांनी तोच प्रसंग टीव्हीवर पाहिला, तर समईच्या मागच्या भिंतीवर गोल गोल पट्टे, कोपऱ्यात करडे ठोकळे आणि नटाची पगडी अंधारात विरघळलेली. टीव्ही नवा आहे, ४३ इंची. मुलगा म्हणतो, शूटिंगच वाईट केलं असणार. पण मी तर ते समोर पाहिलंय!

उत्तर : बाई, मुलाला सांगा की तुमचं बरोबर आहे. कॅमेरामनचा यात काही दोष नाही. माझाही नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते, कारण असल्या प्रसंगांनंतर पहिला फोन मलाच येतो.

माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत असाच प्रसंग होता. माजघर, एकच समई, सासू भिंतीला टेकून बसलेली आणि सून दारात. आमच्या अंधाऱ्या खोलीत, नीट मापून लावलेल्या मॉनिटरवर मी त्यावर जवळजवळ तीन तास घालवले. समईपासून भिंतीकडे जाणारा उजेड हळूहळू विझत जायला हवा होता. काळ्या रंगातसुद्धा काळ्याच्या आणखी चार छटा दिसायला हव्या होत्या. झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला आईकडे गेले आणि मुद्दाम तिच्या टीव्हीवर, केबलवर, ट्यूबलाइटखाली तो भाग पाहिला. भिंतीवर झाडाच्या खोडात असतात तशी वलयं होती. सासूचा अर्धा हात गायब होता. वर दर सेकंदाला अख्खी भिंत किंचित हलायची, श्वास घेतल्यासारखी. आई म्हणाली, "एवढा मोठा वाडा आणि एकच दिवा? अजून एखादा लावायला काय झालं होतं?"

आता कारण. पूर्ण एचडी चित्र, सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे २५ स्थिर चित्रं), काहीही न दाबता पाठवायचं ठरवलं तर सेकंदाला सहाशे मेगाबिटच्या वर माहिती होते (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, मेगाबिट म्हणजे असे दहा लाख). आमच्याकडून वाहिनीला जी फाइल जाते ती बहुतेक वेळा ५० मेगाबिटची. तीच पुढे उपग्रहावरून तुमच्या छतावरच्या छत्रीकडे निघते तेव्हा पाच-सात मेगाबिट वाट्याला आले तरी बरं म्हणायचं. म्हणजे कपाटात शंभर साड्या होत्या, प्रवासाच्या पिशवीत एकच मावली, आणि लग्नात मात्र शंभरही नेसल्यासारख्या दिसल्या पाहिजेत.

हे जमवणारं जे यंत्र असतं त्याला एन्कोडर म्हणतात. तो चतुर आहे, पण महाकंजूष. तो चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला विचारतो, मागच्या फ्रेमपेक्षा तुझ्यात काही बदललंय का? नसेल तर मागचंच पुन्हा वापर, नवीन काही पाठवायची गरज नाही. बदललं असेल तर नेमकं किती? थोडंसंच असेल तर सोडून दे, कोणाला कळतंय. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून दोन जावा भांडत असतील तर हा हिशेब झकास जमतो, कारण मागची भिंत, पडदे, फुलदाणी सगळं स्थिर असतं आणि हलतात ते फक्त ओठ.

समईची ज्योत या हिशेबात बसत नाही. ज्योत एवढीशी, पण ती थरथरली की सगळ्या भिंतीचा उजेड बदलतो, फ्रेमगणिक. "मागचंच वापर" म्हणायची सोयच उरत नाही. सगळी भिंत नव्याने पाठवायची तर तेवढे बिट नाहीत. मग तो अंधारातल्या बारीक छटांवर कात्री चालवतो. दोन छटांमधला फरक आधीच इतका कमी असतो की त्याच्या गणितात तो शून्य होतो, आणि अख्खा चौकोन एका रंगाचा होऊन बसतो. तेच तुमचे करडे ठोकळे. अधूनमधून त्याला एक पूर्ण फ्रेम नव्याने पाठवावी लागते. तिच्यात भिंत जरा सुधारते, मग पुन्हा हळूहळू बिघडते. भिंतीचा श्वास म्हणते तो हा.

पट्ट्यांचं गणित वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं, म्हणून सांगतेच. साध्या टीव्ही प्रक्षेपणात उजेडाच्या पायऱ्या २५६. त्यातही काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. समईमागची भिंत बहुतेक सगळी १८ ते ४० च्या मध्ये असते, म्हणजे जेमतेम बावीस पायऱ्या. या बावीस पायऱ्या पडद्याच्या अर्ध्या रुंदीवर, ९६० ठिपक्यांवर (पिक्सेलवर) पसरायच्या. एकेक पायरी साधारण ४४ ठिपक्यांची झाली. तुमच्या ४३ इंची टीव्हीवर मोजाल तर एक पट्टा दोन सेंटीमीटरहून थोडा जास्त, अंगठ्याएवढा रुंद. अंगठा लावून बघाच एकदा. आमच्याकडे हे पट्टे का दिसत नाहीत? एक तर आम्ही १० बिटवर काम करतो, म्हणजे १०२४ पायऱ्या. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक रवा असतो, म्हणजे सतत बदलणारे रवाळ कण, अंधारात जास्तच. तो रवा दोन पायऱ्यांमधली कड मोडून टाकतो, रांगोळीची रेघ बोटाने पुसावी तशी. एन्कोडरला हा रवा कचरा वाटतो, कारण तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो आणि बिट खातो. म्हणून तो आधी रवाच झाडून टाकतो, आणि झाडलेल्या भिंतीवर पायऱ्या उघड्या पडतात.

आणखी एक गंमत. एका उपग्रह ट्रान्सपाँडरवर (जमिनीवरून आलेला सिग्नल परत खाली पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्रावर) बऱ्याच वाहिन्या एकत्र कोंबलेल्या असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना एकाच पोत्यातून बिट वाटले जातात. ज्याच्या पडद्यावर जास्त धावपळ, त्याला जास्त वाटा. तुमच्या माजघरातल्या समईच्या वेळेलाच त्याच पोत्यातल्या दुसऱ्या वाहिनीवर क्रिकेटचा सामना रंगात आला, तर समईच्या वाट्याचं तेल तिकडे जाऊ शकतं.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१५ च्या जानेवारीत बीबीसीवर 'वुल्फ हॉल' ही ट्यूडर काळातली, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची मालिका आली. दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की यांनी रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले होते, आणि काही दिसत नाही म्हणून तिथल्या प्रेक्षकांनीही तक्रारी केल्याच. त्या दिग्दर्शकाने आपलं म्हणणं सोडलं नाही. आपल्याकडे मात्र एपिसोड दाखवायला घेतला की मागून आवाज येतो, "मॅडम, काळं जरा उचला." काळं उचलायचं म्हणजे अंधार करडा करायचा. दर आठवड्याला उचलत उचलत आपली ऐतिहासिक रात्र अशी झाली आहे: आकाश निळं, अंगण लख्ख, प्रत्येक खांबामागे एक दिवा लपवलेला आणि हातात मशाल केवळ रिवाज म्हणून. लोकांना वाटतं ही दिग्दर्शकाची आवड. थोडीफार असेलही. पण बरीचशी ती एन्कोडरची भीती आहे. ज्या चित्राचे ठोकळे होणार हे माहीत आहे, ते काढायचंच कशाला, असा सगळ्यांनी मिळून केलेला हिशेब.

तुमच्या घरी करण्यासारखं एकच. टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर असेल, दुकानातून पुष्कळदा तसाच येतो, तर तो 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर टाका. व्हिव्हिडमध्ये अंधार ओढून उजळ केला जातो, आणि जी घाण काळ्यात झाकून राहिली असती ती समोर येते. पट्टे पूर्ण जाणार नाहीत. पण निदान अंगठ्याने मोजण्याइतके ठळक राहणार नाहीत.

प्रश्न : माझं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. पेशवाईवरच्या मालिकेत नायिकेने नेसलेली पैठणी आमच्याच गावची, हे मला खात्रीने माहीत आहे. पण टीव्हीवर पदरावरचे मोर ओळखू येत नाहीत आणि जांभळा-लाल रंग नुसता सपाट डाग दिसतो. हिरव्या पैठणीचं मात्र बरं दिसतं. असं का? गिऱ्हाईक विचारतं.

उत्तर : हिरवीचं बरं दिसतं हे तुम्ही टिपलंत, म्हणजे नजर धंद्यातली आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मंडळींच्या हे लक्षात येत नाही.

टीव्हीचं चित्र दोन भागांत पाठवतात, उजेड वेगळा आणि रंग वेगळा. उजेड पूर्ण तपशिलात जातो. रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एक, या हिशेबाने. म्हणजे १९२० बाय १०८० चं चित्र असलं तरी रंगाचं चित्र खरं तर ९६० बाय ५४० चंच असतं. माणसाच्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो म्हणून हे खपून जातं. पण उजेडाच्या हिशेबात तिन्ही रंगांना सारखा मान नाही. एचडीत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. हिरव्या साडीच्या निऱ्या, चुण्या, सावल्या उजेडाच्या भागात जाऊन बसतात आणि पूर्ण तपशिलात पोचतात. कुंकवासारखी लाल किंवा वांगी-जांभळी साडी असेल तर तिच्यातलं बरंचसं रंगाच्या भागात राहतं, जिथे आधीच चारातले तीन ठिपके कापलेले. त्यावर एन्कोडर आणखी दाबतो. उरतो तो तुमचा सपाट डाग. कपाळावरच्या आडव्या कुंकवाची कडसुद्धा अशीच फिसकटते.

मोराचं दुःख निराळं. लांबच्या शॉटमध्ये पदरावरचा अख्खा मोर पंधरा-वीस ठिपक्यांत बसलेला असतो. बाई स्थिर उभी राहिली तर तो दिसतो. ती वळली की जरीची नक्षी वितळते, कारण हलणारा बारीक तपशील ही एन्कोडरने सगळ्यात आधी सोडून द्यायची गोष्ट. ती थांबली की अर्ध्या सेकंदात मोर परत येतो. रेकॉर्ड करून पाहा, मोर येताना दिसेल!

कपडेपटातल्या जाणत्या माणसांना हे तोंडी पाठ असतं. टीव्हीवर येणाऱ्यांना बारीक चौकडीचे, बारीक रेघांचे कपडे नकोत असं सांगायची रीत तर टेपच्या काळापासूनची. माझ्या ओळखीचे एक ड्रेसवाले दादा खणाचं कापड हातात घेऊन दहा पावलं मागे जायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. बुट्टी दिसेनाशी झाली की म्हणायचे, "हे नाचणार. ठेव बाजूला." खणाची विणच अशी की कॅमेऱ्यात ती लुकलुकते, आणि त्या लुकलुकीवर एन्कोडर सगळे बिट उधळतो. चेहऱ्याला काही उरत नाही. म्हणून मालिकेतल्या राण्या रुंद काठाच्या, मोकळ्या अंगाच्या साड्यांत वावरतात. गिऱ्हाइकाला सांगा की खरी पैठणी बघायची असेल तर दुकानात या. यात तुमचा धंदाही झाला आणि खोटंही नाही.

प्रश्न : दूरदर्शनच्या जमान्यातल्या ऐतिहासिक मालिका जास्त खऱ्या वाटायच्या. आता त्याच ऑनलाइन पाहिल्या तर घाणेरड्या दिसतात. आमची आठवण खोटी की काय? — सोलापूर

उत्तर : आठवण खरी आहे, फाइल खोटी आहे.

तेव्हाचं चित्र पडद्यावर ५७६ ओळींचं, आणि अॅनालॉग. अँटेना हलली तर मुंग्या येत, भूत दिसे, रंग ओघळे. पण ठोकळे कधी पडत नसत, कारण चौकोन पाडणारं कोणी वाटेत नव्हतंच. त्या मऊ चित्रात पुठ्ठ्याची तटबंदी दगडाची वाटे आणि दाढीची जाळी गालात मिसळून जाई. पुढे एचडी आलं आणि प्लास्टरचा बुरूज प्लास्टरचा दिसू लागला. २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती' आली, कला-दिग्दर्शक नितीन देसाईंच्या कर्जतच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या भव्य सेटवरची, तेव्हासुद्धा बहुतेक घरांत ती त्याच ५७६ ओळींत पाहिली गेली. तिच्या आठवणीतल्या भव्यतेत त्या ओळींचाही थोडा हात आहे असं मला वाटतं. कोणी रागावू नये.

ऑनलाइन काय होतं? जुनी टेप, तिच्यावरचा खरखराट, त्याचं स्वस्तात केलेलं डिजिटल रूप. जुन्या पद्धतीत एक फ्रेम सम आणि विषम अशा दोन भागांत यायची. ते भाग नीट न जुळवता चढवले की घोडा धावताना त्याच्या पायांना कंगव्याचे दात फुटतात. वर टेपचा खरखराट हाच तपशील समजून एन्कोडर त्याच्यावर बिट घालवतो. आणि काही महाभाग चौकोनी चित्र ओढून रुंद करतात, त्यामुळे सगळे सरदार स्थूल. याला मी कॉम्प्रेशनचा दोष म्हणणार नाही. हा आळस आहे.

प्रश्न : नव्या टीव्हीवर मालिकेतल्या म्हाताऱ्या पात्रांचे चेहरे मेणाचे आणि लढाया नाटकासारख्या गुळगुळीत दिसतात.

उत्तर : सेटिंगमध्ये जाऊन 'मोशन स्मूदिंग' आणि 'नॉइज रिडक्शन' बंद करा. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं दिलेलं असतं, पण 'मोशन', 'क्लिअर', 'स्मूद' असं काही दिसलं की तेच. पहिलं टीव्हीच्या मनाने मधल्या फ्रेम तयार करतं, दुसरं सुरकुत्यांना घाण समजतं. सुरकुत्या आधी एन्कोडरने निम्म्या पुसलेल्या असतात, उरलेल्या टीव्ही पुसतो. मेकअपवाल्याने तीन तास बसून काढलेलं म्हातारपण दोन यंत्रांनी मिळून फुकट घालवलेलं असतं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर पेशवेकाळातली पंधरा मिनिटांची फिल्म करतोय. एका जुन्या वाड्यात रात्रीचं शूट आहे, सगळा उजेड दिव्यांचा आणि धुपाचा धूर. कॅमेरा भाड्याचा. फिल्म यूट्यूबवर टाकणार. तुमच्यासारखे ठोकळे होऊ नयेत म्हणून काय करू?

उत्तर : "तुमच्यासारखे ठोकळे" हे मी मनावर घेत नाही.

आधी धूर. धूर दिसतो देखणा, पण त्याचा प्रत्येक कण दर फ्रेमला जागा बदलतो. जेजुरीचा भंडारा, पाऊस, गुलाल, लढाईतली धूळ हे सगळे त्याचेच भाऊबंद, एन्कोडरला घाम फोडणारे. धूर हवाच असेल तर तो असेल तेव्हा कॅमेरा हलवू नकोस. धूर आणि ट्रॉली दोन्ही एका शॉटमध्ये ठेवलेस तर नायकाचं नाक शोधावं लागेल.

समई पेटती ठेव, पण सगळा उजेड तिच्याकडून मागू नकोस. मागे एक लहानसा पिवळट एलईडी लपव आणि त्याला थरथरू देऊ नकोस. ज्योत हलेल, भिंत स्थिर राहील. डोळ्याला फसवणूक कळत नाही, बिट वाचतात. मागची भिंत कोरी सोडू नकोस. कोनाडा, खुंटीवरचं उपरणं, सारवलेल्या मातीचा पोत, काहीतरी असू दे. कोऱ्या भिंतीवरच पट्टे उठतात, खडबडीत भिंतीवर ते लपतात. तुझ्याकडे खरा वाडा आहे, म्हणजे हे काम वाड्याने आधीच करून ठेवलंय. भाड्याचा कॅमेरा १० बिट देतो का ते विचारून घे. नसेल तर दुसरा घे, भले लेन्स एक कमी मिळाली तरी चालेल.

ग्रेडिंगमध्ये काळं पार दाबून टाकू नकोस आणि शेवटी अगदी हलका रवा पसर. तू म्हणशील, रवा तर एन्कोडर झाडतो. झाडतो, पण सगळा नाही झाडत. आणि फिल्म १०८० मध्ये केली असलीस तरी चढवताना ती ४के (चौपट ठिपक्यांची) करून चढव. यूट्यूब १०८० साठी ८ मेगाबिट सुचवतं आणि ४के साठी ३५ ते ४५. तू चढवलेली फाइल ते पुन्हा स्वतःच्या पद्धतीने दाबतंच, तेव्हा मोठ्या चित्राच्या वाट्याला जास्त बिट येतात. आम्ही सगळे हीच चोरवाट वापरतो.

मित्रांना मत विचारायला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, ते चित्राचं पिठलं करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि चढवायच्या आधी फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन एखाद्या नातेवाइकाकडे जा, ज्यांच्याकडे सगळ्यात जुना टीव्ही असेल त्यांच्याकडे. ट्यूबलाइट चालूच राहू दे, पंखा आणि कुकरसुद्धा. काकू मध्येच उठून "कोण बोलतंय ते दिसत नाही रे" म्हणाल्या, तर त्या शॉटचा नंबर लिहून घे.